बेटावरचे घडते उद्यान

(भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते बहुधा उद्घाटनाच्या दिवसाचे असते. फाटकावर तोरण, नवी फरसबंदी, कातरलेली हिरवळ, कारंज्याचे पाणी आणि कोनशिलेवरचा पडदा. त्या दिवसाच्या आधी तेथे काय घडले आणि त्यानंतर काय घडत राहते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. वस्तुतः उद्यानाचे आयुष्य या दोन काळांतच जाते. उद्घाटन हा त्यातील एक दिवस, आणि माळ्याच्या दृष्टीने तर कामाचा एक वाया गेलेला दिवस. म्हणून उद्यान पाहावयाचे तर ते तयार होत असतानाच पाहावे, असे उद्यानविद्येचे जाणकार सांगतात.

प्रस्तुत भाषणाचा विषय अशाच एका उद्यानाचा आहे. ते आपल्यापासून फार लांब, अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहरालगतच्या नदीतील बेल आयल नावाच्या बेटावर आहे. इतक्या दूरचे उदाहरण कशाला, असे कोणी विचारील. परंतु सखल जमीन, नदीचे चढणारे पाणी, नगरपालिकेची रिकामी तिजोरी, 'हा खर्च हवा कशाला?' असे विचारणारे नागरिक, आणि कागदावर उत्तम दिसणारी पण जमिनीवर उतरताना अडणारी आखणी, या गोष्टी ग्रामपंचायतीत बसणाऱ्या कोणालाही अपरिचित नाहीत.

प्रथम बेटाविषयी. सेंट क्लेअर नावाचे सरोवर आणि एरी नावाचे सरोवर यांना जोडणारी डेट्रॉइट नदी ही अमेरिका व कॅनडा या दोन देशांची सीमा आहे. बेल आयल या नदीच्या पात्रात आहे. एका बाजूस डेट्रॉइट, दुसऱ्या बाजूस कॅनडातील विंडसर. क्षेत्रफळ ९८२ एकर. त्यातील बराच भाग पुढे भर घालून वाढविलेला आहे. मूळ रहिवासी या बेटाला हंसांचे बेट म्हणत. फ्रेंच वसाहतवाल्यांनी तेथे डुकरे पाळली, कारण पाणी ओलांडून लांडगे तिकडे पोहोचत नसत. तेव्हा ते डुकरांचे बेट झाले. १७६९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने हे बेट मूळ रहिवाशांकडून घेतले. त्याची किंमत आठ पिंपे दारू, तंबाखूची काही वेटोळी, थोडा शेंदरी रंग आणि शिंपल्यांच्या मण्यांचा एक पट्टा. जमिनीच्या इतिहासात असे व्यवहार जगभर सापडतात आणि देणाऱ्याने नेमके काय दिले याविषयी देणारा व घेणारा यांची समजूत क्वचितच एक असते. १८४५ मध्ये बेटाला आजचे सुंदर नाव मिळाले. १८७९ मध्ये डेट्रॉइट नगरपालिकेने ते दोन लक्ष डॉलरना विकत घेतले. दलदलीच्या बेटावर इतका पैसा घालविल्याबद्दल त्या वेळीही टीका झालीच.

नगरपालिकेने आखणीसाठी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांना बोलाविले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी करणाऱ्या दोघांपैकी हे एक. त्यांनी बेट पाहिले आणि फुलांच्या वाफ्यांचा विचार करण्याआधी पाण्याचा विचार केला. बेट सपाट, सखल. पावसाचे पाणी जागच्या जागी साचे व डास होत. त्यांनी चर आणि कालवे खणून निचरा करण्याची योजना मांडली आणि मधले जुने जंगल शक्य तितके राखावे असे सुचविले. नगरपालिकेच्या उद्यान मंडळाशी त्यांचे पटेना. थोड्याच वर्षांत त्यांनी काम सोडले. त्यांच्या आराखड्यातील काही गोष्टी झाल्या, पुष्कळ झाल्या नाहीत. कालवे मात्र खणले गेले, आणि बेटाच्या पूर्वेकडील ओलसर जंगल अजून उभे आहे. म्हणजे हे उद्यान आरंभापासूनच अर्धवट आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत बेटावर एकेक वास्तू उभी राहत गेली. १९०४ मध्ये मोठे काचगृह आणि त्याला लागून मत्स्यालय झाले. दोन्हींच्या आखणीत आल्बर्ट कान या प्रसिद्ध वास्तुविशारदाचा हात होता. या काचगृहाचा घुमट ८५ फूट उंच आहे. तेथे बाहेर बर्फ पडत असताना आत ऊब राखून ताडामाडांची झाडे व केळी वाढवितात. आपल्याकडे परसातील न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी केळ तेथे काचेच्या घरात, तिकडच्या मुलांना दाखविण्यासाठी, कौतुकाने जपावी लागते हे ऐकून कोकणातल्या माणसाला हसू येईल. पण आपणही थंड मुलखातली फुले असेच कौतुक करून कुंड्यांत जगवितो. १९२३ मध्ये बेटाला जोडणारा आजचा सुमारे २,२०० फूट लांबीचा पूल झाला. आधीचा पूल १९१५ मध्ये जळाला होता. १९२५ मध्ये जेम्स स्कॉट या गृहस्थाच्या मृत्युपत्रातून संगमरवरी कारंजे झाले. हे गृहस्थ इतके बदनाम होते की, त्यांचा पैसा घ्यावा की नाही यावर शहरात मोठा वाद माजला होता; कारंज्याजवळ आपला पुतळा बसवावा अशी त्यांची अटच होती. पैसा घेतला गेला, पुतळाही बसला.

१९४० मध्ये उभारलेल्या घंटामनोऱ्याची कथा याच्या अगदी उलट आहे. डेट्रॉइटच्या एका दैनिकात नॅन्सी ब्राउन या टोपणनावाने एक बाई वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत. त्यांच्या वाचकांनी लहानलहान वर्गण्या गोळा करून शांततेचे स्मारक म्हणून हा मनोरा बांधला, आणि तोही युरोपात महायुद्ध पेटलेले असताना. हा मनोरा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण ज्या नव्या उद्यानाची हकीगत सांगावयाची आहे ते त्याच्याच पायथ्याशी आहे.

त्यानंतर शहराची पडझड सुरू झाली. मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २०१० च्या जनगणनेत ती सुमारे ७ लाख १४ हजारांवर आली. कर देणारी माणसे गेली, पण रस्ते, नळ आणि उद्याने तेवढीच राहिली. मत्स्यालय २००५ मध्ये बंद पडले. ते २०१२ मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर पुन्हा उघडले. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या सुमारास शहरातील रस्त्यांवरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बेल आयल बेट ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाकडे गेले आणि राज्य उद्यान झाले. मालकी शहराची, व्यवस्था राज्याची.

यात एक कडवट घोट होता. तोवर या बेटावर जाण्यास काहीच पडत नसे. राज्याची व्यवस्था आल्यावर मोटारीसाठी वार्षिक परवाना घ्यावा लागू लागला. पायी किंवा सायकलने येणाऱ्यास आजही शुल्क नाही. रक्कम फार मोठी नव्हती. तथापि पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यातील रविवारी मुलाबाळांसह डबे घेऊन येणाऱ्या कुटुंबांना, आपल्याच अंगणात आता नाव नोंदवून शिरावे लागते, असे वाटले. दुसऱ्या बाजूस, पडकी शौचालये दुरुस्त झाली, मोडकी बाके बदलली, वाळलेली झाडे काढली गेली, हेही खरे. अशा ठिकाणी दोन्ही म्हणणी एकाच वेळी बरोबर असतात आणि कारभाऱ्याला दोन्हींच्या मधून वाट काढावी लागते.

अशा या बेटावर २०१७ मध्ये एका नव्या बागेसाठी जागा ठरली. मिशिगनमधील बागप्रेमी महिलांच्या एका जुन्या मंडळाने पीट औडोल्फ यांना पत्र लिहून, आमच्या शहरासाठी एक बाग आखून द्या, अशी विनंती केली होती. औडोल्फ हे हॉलंडचे. त्यांचा जन्म १९४४ चा. १९८२ मध्ये हुमेलो या खेड्यात पत्नीसह त्यांनी रोपवाटिका सुरू केली आणि पुढे शिकागोतील लुरी उद्यान व न्यूयॉर्कमधील वापरातून गेलेल्या उंच रेल्वेमार्गावरची हाय लाइन ही बाग यांच्या लागवडीमुळे ते जगप्रसिद्ध झाले. डेट्रॉइटकरांचे निमंत्रण त्यांनी स्वीकारले आणि घंटामनोऱ्याजवळची सुमारे तीन एकरांची मोकळी जागा निवडली गेली. पैसा देणग्यांतून उभा करावयाचा होता. 'ज्या शहरात दिवे लागत नाहीत तेथे फुलांची बाग?' हा प्रश्न साहजिक होता, आणि तो गैर नव्हता. पण बागेवर घातलेला पैसा दिव्यांवर खर्च व्हायचा होता असे नव्हे. तो बागेसाठीच दिलेला होता. शिवाय बाग सर्वांना खुली राहणार होती. तिला वेगळे तिकीट नाही.

औडोल्फ यांच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्याकडील सरकारी उद्यानांत वाफे आखतात, त्यांत हंगामी फुलझाडे लावतात, फुले गेली की उपटून दुसरी लावतात. औडोल्फ यांच्या बागेत बहुतेक सगळी झाडे बहुवर्षायू. वरचा भाग थंडीत वाळतो, मुळे जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. सूर्यफुलाच्या कुळातील जांभळी एकिनेशिया, तुळशीच्या कुळातील साल्व्हिया व मोनार्डा, आणि त्यांच्यामधून उंच गवते, अशी त्यांची नेहमीची मांडणी. या गवतांपैकी पॅनिकम हे तर आपल्या वरीच्या जातीतलेच. अमेरिकेच्या मधल्या प्रदेशात एके काळी जी अफाट गवताळ कुरणे होती आणि जी नांगराखाली गेली, त्यांतील अनेक झाडे त्यांच्या बागांत परत येतात. फूल हा त्यांच्या दृष्टीने झाडाच्या आयुष्यातला एक टप्पा. पानांचा आकार, बोंडांचा गोलवा, हिमकण बसलेली वाळकी काडी यांनाही ते तेवढीच किंमत देतात. म्हणून वाळलेली झाडे ते शरद ऋतूत कापू देत नाहीत. पक्षी बिया खातात, किडे खोडांत हिवाळा काढतात. आपल्याकडील एखाद्या तपासणी अधिकाऱ्याने जानेवारीत अशी बाग पाहिली तर तो माळ्याला ताकीद देऊन जाईल!

काम सुरू झाले. आखणी कागदावर पक्की झाली. मग २०१९ चा वसंत आला आणि नदी चढली.

या प्रदेशात समुद्रासारखी भरतीओहोटी नाही. पाणी चढते-उतरते ते वर्षावर्षांच्या हिशेबाने. पाच महासरोवरांच्या खोऱ्यात पाऊस व बर्फ किती पडले आणि सरोवरांवरून बाष्प किती उडाले, यावर त्यांची पातळी ठरते. मिशिगन व ह्यूरन या सरोवरांची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नोंदींच्या इतिहासातील नीचांकावर होती. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत चित्र पालटले. २०१९ मध्ये सेंट क्लेअर व एरी या सरोवरांनी उच्चांक मोडले. त्या दोहोंमधली डेट्रॉइट नदी फुगली. बेल आयलवरील रस्ते पाण्याखाली गेले, हिरवळीवर तळी झाली आणि जेथे बाग व्हावयाची तेथे पाणी शिरले. ज्या कलावंताचा देश समुद्राला बांध घालून राहतो त्याच्याच बागेत नदीने पाय ठेवावा, हा योगायोग विलक्षण होता. गोव्यातील खाजणाची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. बांधाची आणि मानशीची काळजी एक वर्ष चुकली तर खारे पाणी शेतात किती चटकन येते ते त्यांना ठाऊक असते.

त्या वर्षी कोणी बेटावर बाग पाहण्यास गेला असता तर त्याला काय दिसले असते? मनोरा, त्याच्यापुढे ओली माती, साचलेले पाणी. फूल एकही नाही. पण पाहण्यासारखी गोष्ट तीच होती. जागा सोडून दिली गेली नाही आणि पाणी पुन्हा येणार नाही अशी समजूतही कोणी करून घेतली नाही. आराखडा पुन्हा हाती घेण्यात आला. बाहेरून माती आणून लागवडीच्या जमिनीची पातळी उंचावण्यात आली. पावसाचे पाणी थांबून मुरावे आणि पक्ष्यांनाही ते मिळावे असा सखल भाग आखणीत राखण्यात आला. लागवड वर्षभर पुढे गेली. देणगीदारांना हे समजावून सांगणे किती अवघड गेले असेल याची कल्पना ज्यांनी सार्वजनिक वर्गणी गोळा केली आहे त्यांना सहज येईल. दिलेल्या पैशाची फुले लोकांना दिसावी लागतात. पैशाची माती झालेली कोणाला आवडत नाही. येथे तर पैशाची अक्षरशः माती करावी लागली, आणि तोच शहाणपणा ठरला.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. भर घालून तीन एकर उंच झाले; बेटाचे उरलेले शेकडो एकर तेवढेच सखल राहिले. ओल्मस्टेड यांनी ज्या पाण्याशी झुंज मांडली होती ते पाणी आजही बेटावरच आहे.

लागवड २०२० च्या उन्हाळ्याअखेरीस झाली. साथीचे वर्ष, माणसांनी अंतर राखून काम करावयाचे. रोपे सुमारे २६,०००. अशा लागवडीची रीत पाहण्यासारखी असते. आराखड्यावरील रेषांची चौकट जमिनीवर आखतात. प्रत्येक जातीच्या रोपांच्या लहान कुंड्या आपापल्या ठिकाणी मोजून ठेवतात. मग मागून खुरपी घेऊन माणसे येतात आणि बसून, गुडघ्यांवर रेलून, एकेक रोप मातीत दाबतात. धंदेवाईक कामगारांच्या जोडीला स्वयंसेवकही होते. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे चिखलात वाकलेल्या बायामाणसांची ओळ दिसते, तसेच हे दृश्य. फरक इतकाच की भाताची ओळ सरळ असते आणि औडोल्फ यांच्या रेषा मुद्दाम वाकड्या असतात.

पहिल्या वर्षी अशी बाग पाहणाऱ्याची निराशा होते. जमिनीवर हिरवे ठिपके आणि मध्ये उघडी माती. मुळे खाली जात असतात, पण ती कोणाला दिसत नाहीत; वरून दिसते ते फक्त तण. लावलेली रोपे स्थिरावण्याच्या आत उघड्या मातीत सगळीकडून तण येते, आणि रानटी कोंब कोणता व लावलेला कोणता हे ओळखणारा डोळा तयार होण्यास वेळ लागतो. येथेच बाग जगते किंवा मरते. कोनशिला बसविण्यास एक दिवस पुरतो. निंदणीला माणसे रोज लागतात, आणि त्यांची नावे कोठेही कोरली जात नाहीत. बेल आयलच्या बागेने त्यासाठी स्वयंसेवकांची फळी उभारली. आपल्या शाळांतील शिक्षकांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते की, वृक्षारोपणाच्या दिवशी मुलांना रांगेत उभे करणे सोपे आहे. त्यानंतरच्या दुसऱ्या श्रावणात त्याच मुलांच्या हाती खुरपे देणे हेच खरे अवघड काम.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस बाग लोकांसाठी खुली झाली. तोवर पुष्कळशी झाडे कमरेइतकी झाली होती आणि गवतांना तुरे आले होते. आज पुलावरून बेटावर येणारा पाहुणा घंटामनोऱ्याच्या दिशेने चालत गेला, तर त्याला फाटकाची कमान किंवा कातरलेल्या झाडांचे हत्ती-मोर दिसत नाहीत. झाडांमधून वळत जाणारी पायवाट दिसते. उंच गवतातून वाट वळली की मनोरा दिसेनासा होतो आणि दुसऱ्या वळणावर पुन्हा समोर येतो. लहान मुले गवताच्या आड लपतात. मधमाश्यांचा गुंजारव चालू असतो. नवरानवरी छायाचित्रे काढून घेण्यास येतात. जवळच काचगृहाचा घुमट दिसतो; दुरुस्तीसाठी २०२२ च्या अखेरीस बंद केलेले हे काचगृह डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. बेटावर भरणाऱ्या मोटारींच्या शर्यती, ज्यांच्या तयारीमुळे वर्षातील अनेक आठवडे बेटाचा काही भाग लोकांना बंद राही, त्याही २०२३ पासून शहराच्या रस्त्यांवर गेल्या आहेत.

असे असले तरी बाग पूर्ण झाली असे तेथील माणसे म्हणत नाहीत, आणि ते बरोबर आहे. काही झाडे जोमाने पसरून शेजाऱ्यांना दाबतात. ती आवरावी लागतात. काही एखाद्या ओल्या हिवाळ्यात कुजतात; त्यांच्या जागी कोणती लावावी याचा विचार पुन्हा करावा लागतो. कागदावरचा आराखडा एक. जमिनीवरचा आराखडा दरवर्षी थोडा वेगळा. तीन वर्षांपूर्वी बाग पाहून गेलेला माणूस परत आला तर त्याला ती ओळखू येते, पण सगळीच नव्हे.

सर्वांत कमी पाहुणे येतात ते हिवाळ्याच्या शेवटी. नदीवरून वारा येतो. थंडीभर उभी राखलेली तपकिरी खोडे तेव्हा एकदाची कापण्याची वेळ होते, आणि माणसे हातमोजे घालून कात्र्या व यंत्रे घेऊन बागेत उतरतात. थोड्या दिवसांत तीन एकर जमीन कापणी झालेल्या शेतासारखी बोडकी होते. मनोरा मग कोणत्याही जागेवरून पूर्ण दिसतो. वाकून पाहिले तर कापलेल्या गवताच्या बुडख्यांत बोटभर हिरवे कोंब आलेले असतात, आणि त्यांच्यामध्ये तणाचेही.